दोन्ही गावच्या दंडारी एकाच दिवशी निघाल्या

माहं नाव जंगूबाई. लिहा ताई, लिहा, पन हळू सांगा असं मले म्हनू नका, मी एकदा सुरू झाली का थांबत नाई, आमच्या जातीचा गुनच हाये थो. आमी परधान. गोंड थोरला भाऊ अन् परधान धाकटा, असं माहा बाप सांगे. थोरल्यानं नांगर धरला, धाकट्यानं किंगरी धरली. किंगरी म्हनजे आमचं तारेचं वाजंत्र, मांडीवर उभं ठेवून गजानं वाजवतात ते. गोंडाच्या घरी देवकार्य असलं, कोनी मेलं, का परधानानं जायाचं अन् किंगरी वाजवत त्या घराण्याची कथा सांगायची, कोनत्या डोंगरातून निघाले, कुठं कुठं बसले, चार देव पूजनारे का सात देव पूजनारे, कोनाची पोरगी कोनाले चालते. त्याईचा सारा इतिहास आमच्या तोंडात. घरात आमी मराठी बोलतो, गोंडाच्या दारात गोंडी, बजारात हिंदी, अन् आदिलाबादले ऑफिसात काम पडलं का तेलगू. माही सासू म्हने, परधानाले उपाशी ठेवता येते पन गप ठेवता येत नाई. स्वतः परधानीन होती तरी म्हने!

माहं माहेर बेलगुडा अन् सासर सावरीगुडा, दोनी बोथ गावाकडच्या डोंगरात. मधे एकच डोंगर. इकडून भाकर बांधून निघालं तं तिकडे पोचेपर्यंत गरम राह्यते, एवढंच अंतर. आजा सांगे, निजामाच्या राज्यात दोनी मिळून एकच गाव होतं, खाली सपाटीवर, नाल्याच्या काठाले. मंग घोड्यावर बसून गिरदावर आला, जमिनीचा सरकारी मानूस, अन् म्हने ही जमीन आता दुसऱ्याच्या पट्ट्याची झाली, उठा इथून. कोनाले काय समजते पट्टा म्हनजे काय! उठले बिचारे, अर्धे डोंगराच्या या अंगाले गेले, त्याईचे सोयरे त्या अंगाले. जंगलखात्याच्या शिपायानं तिथूनबी हाकललं, मंग आनखी वर गेले. पन पोरी देनं-घेनं सुटलं नाई. इकडची पोरगी तिकडे, तिकडची इकडे, आमा परधानांचंबी तसंच, म्हनून मी बेलगुड्याची सावरीगुड्याले आली. तुमी आश्रमशाळेत पोरींले इतिहास शिकवता ना ताई, अन् मी तिथं वरन-भात रांधते, पन हा इतिहास तुमच्या पुस्तकात हाये का? नाई ना. मंग लिहा.

आता दंडारी सांगते, त्याच्याबिगर पुढचं समजनार नाई. दिवाळीच्या आधी आमच्या इकडे गोंडायची दंडारी, म्हनजे नाचनाऱ्या गड्यांचा मेळा, निघते. त्यातले काई गडी गुसाडी सजतात, डोक्यावर मोरपिसाचा हा एवढा मोठा मुकुट, अंगाले राख, खांद्यावर कातडं, कमरेले घुंगरू, हातात काठी. जोपर्यंत गुसाडी हाये तोपर्यंत तो मानूस नाई, देव हाये, आंघोळ करत नाई, भुईवर बसत नाई, बसलाच तं आपल्या कातड्यावर. अन् संगं ढोल, पेपरा, सारा गडीमानूस. पेपरा म्हनजे आमची सनई. ढोल-पेपरा वाजवनार कोन? आमी परधान! एका गावची दंडारी दुसऱ्या गावाले पाहुनी जाते, मुक्काम करते, खाते, नाचते, तिथंच सोयरिकी जुळतात. पन शिवेवर थांबावं लागते. गावची मानसं ढोल वाजवत समोर आली, पाय धुतले, मंगच आत पाऊल. अन् ढोल आलाच नाई तं पाहुने माघारी फिरतात, अन् अशी माघारी फिरलेली दंडारी त्या गावाले पुन्हा येत नाई ताई, पिढ्या जातात पन येत नाई.

तं माहं लग्न झालं, माही पोरगी सोनी पोटात होती, त्या वर्षी बेलगुड्याची दंडारी आमच्याकडे पाहुनी आली होती. काय आनंद माहा! माहेरची सारी मानसं अंगनात. बोकड कापला, आमच्यात बोकडाचं डोकं पाहुन्या पटलाच्या ताटात वाढायचं असते, पटला म्हनजे गावचा मुख्य, त्याचा मान थो. डोकं शिजवून टोपल्याखाली झाकून ठेवलं होतं, पंगत बसली, वाढाले गेले तं टोपलं उलटं अन् डोकं नाई. कुत्र्यानं नेलं! नाल्याकडे बसून खाऊन राह्यलं होतं मजेत. बेलगुड्याचा पटला ताटावरून उठला, म्हने आमाले डोकं द्यायचं नव्हतं तं तसं सांगायचं, कुत्र्याचं नाव काऊन घेता. आमचा पटला म्हने कुत्रं काय मी शिकवून पाठवलं? तो म्हने तुमच्या गावचं पानी आमाले हराम. आमचा म्हने तुमी स्वतः आमाले बोलवाले याल तवाच आमची दंडारी तुमच्या शिवेवर येईल. झालं. एका कुत्र्यापायी दोन गावं तुटली. तुमी हासता ताई, मीबी आता हासते, तवा हासू येत नव्हतं.

कारन भांडन गोंडायचं अन् आमी त्याईच्या दारचे. यजमान जिथं जात नाई तिथं परधान कसा जाईल? सासू म्हने बेलगुड्याचं नाव या घरात काढू नको. सोनीचा बाप चांगला मानूस, पन गावापुढे त्याचं काय चालते! मंग मी अन् माही माय बजारात भेटत होतो. बोथचा बजार भरे तवा ती तिकडून येई, मी इकडून जाई, मिरची-वांग्याच्या दुकानामागे एक कडुनिंब होता त्याच्या बुडी बसत होतो. सोनी तिथंच रांगाले शिकली म्हना ना! माय मोहाच्या फुलाचे लाडू आने, मी तिच्या डोक्यातल्या उवा काढून देत होती, अन् घरी सांगे का मीठ घ्याले गेली होती. सासूनं एकदा इचारलं, इतकं मीठ खाते कोन या घरात? असे दिवस काढले. मंग मायचे गुडघे धरले. पहिले काठी घेऊन आली, मंग एका बजाराले आली अन् म्हने, जंगू, आता हे शेवटचं, पुढं माह्याच्यानं चालवत नाई, तुले यायचं असंल तं घरी ये. मी म्हनलं माय, कशी येऊ? ती उठून गेली, दहा ठिकानी बसत बसत गेली, मी पाहून राह्यली होती.

त्या दिवशी घरी येऊन मी सोनीच्या बापाच्या अंगावरच गेली! म्हनलं तुमी गडीमानसं मोरपिसं लावून देव होता, अन् एवढा एक डोंगर चढवत नाई तुमाले? पटलाले सांगा, यंदा दंडारी बेलगुड्याले न्या. तो म्हने आपन पहिले गेलो तं नाक जाईल. मी म्हनलं तुमचं नाक ठेवा, माही माय चालली. दसरा झाला, दिवाळी जवळ आली, रोज तेच बोलली मी, भाकर वाढता वाढता तेच, चुलीपाशी तेच. मंग तो गेला पटलाकडे. अन् काय सांगू तुमाले, पटला म्हातारा झाला होता, त्याचीबी बहीन बेलगुड्यालेच दिलेली, तो म्हने मीबी रोज हाच इचार करतो, पन कोनी तोंड उघडलं नाई. चला म्हने. पन निरोप पाठवायचा नाई, निरोपाले नाई म्हनलं तं लाज जाईल, सरळ शिवेवर जाऊन उभं राहायचं, पुढं देवाची मर्जी. गावात मोबाईल एकच, पटलाच्या नातवाचा, तोबी चिंचेवर चढल्यावर लागे, त्यालेबी सांगून ठेवलं का फोन करायचा नाई.

सकाळी निघाले सारे. पायवाटेनं डोंगरावरून गेले, बेलगुड्याले मागच्या अंगानं उतरायचं म्हनून. सारे ढोल नेले, सारे गडी गेले. गावात राह्यल्या बाया, लेकरं अन् एक आंधळा म्हातारा. माहं तं चित्त ठिकानावर नाई, आता पोचले असतील, आता मायनं जावयाले पाह्यलं असंल, सारवाले बसली तं एकच जागा तीनदा सारवली.

ऊन कललं होतं, अन् आयकू आला ढोल! नाल्याकडून, गाडीरस्त्याच्या बाजूनं. बाया म्हने आपलेच परत आले, हाकलून देल्लं वाटते. मंग पेपरा वाजला, अन् ताई, माह्या अंगावर काटा, आताबी पाहा, पाहा हा हात! तो माह्या बापाचा पेपरा होता. बाप जाऊन लय वर्षं झाली होती, पन त्या पेपऱ्याले मधे एक चीर होती, वरचा सूर जरा फाटे, तसा सूर दुनियेत दुसरा नाई. वाजवत होता माहा भाऊ, लच्छूदादा. मी शेनाच्या हातानंच सासूले ओरडली, आत्या, हे बेलगुड्याचे हायेत! ते आपल्याकडे आले!

समजलं ना तुमाले? आमचे त्याईच्याकडे गेले, अन् ते आमच्याकडे निघाले, एकाच दिवशी! हे वरून अन् ते खालून. मधे डोंगर, ना याईले त्याईचा ढोल आयकू गेला ना त्याईले याईचा. अन् ते तिथं शिवेवर उभे, ढोल वाजवून राह्यले, आमच्या ढोलाची वाट पाहून राह्यले, अन् गावात ना ढोल ना गडी.

बायांची एकच धावपळ. कोनी म्हने लेकराले पाठवून सांगा, कोनी म्हने दारं लावून बसा. पटलीन, म्हनजे पटलाची बायको, तिनं तं डोक्याले हातच लावला, म्हने सूर्य बुडाला का ते माघारी जातील, अन् एकदा गेले का संपलं, आपन सारे मेलो तरी येनार नाई. मले काई सुचत नव्हतं, माहेर शिवेवर येऊन उभं होतं अन् परत चाललं होतं. अन् तवा माही सासू, जी बेलगुड्याचं नाव काढू देत नव्हती, ती घरात गेली अन् आढ्याले टांगलेला सासऱ्याचा जुना ढोल काढून आनला. एका बाजूचं कातडं ढिलं, उंदरानं कड कुरतडलेली. माह्यापुढे ठेवला अन् म्हने, परधानाची पोरगी ना तू? वाजव. मी म्हनलं आत्या, दंडारीच्या दिवसात बाया ढोलाले हात लावत नाईत. ती म्हने देवाचं मी पाहून घेईन, थो माह्याशी बोलाले आला तं त्यालेबी चार गोष्टी सुनावीन, तू पहिले कातडं तापव!

चुलीत काटक्या टाकल्या, ढोल विस्तवासमोर फिरवला, कातडं तानून आलं, बोट मारलं तं टनक्! अन् बायांनी जे हाताले येईल ते घेतलं, कोनाची परात, कोनाची पितळी, पटलीनबाईनं रॉकेलचा डब्बा घेतला गळ्यात अडकवून. सासू पुढं पान्याची घागर घेऊन, पाय धुवाले. अन् मी वाजवली, पाहुन्यांची चाल, बापाच्या मांडीपाशी बसून लहानपनी आयकलेली, कधी हातानं वाजवली नव्हती, पन हाताले ठाऊक होती ताई! आमी निघालो नाल्याकडे, मागं लेकरं, मागं कुत्रे, थो आंधळा म्हाताराबी काठी टेकत आला, म्हने मी गडी हाये, मले पुढं करा.

तिकडे गुसाडी उभे, मोरपिसं उन्हात चमकून राह्यली. आमाले पाह्यलं अन् सारे ढोल थांबले. लच्छूदादाच्या तोंडातून पेपराच निघाला. त्याईचा पटला पुढं आला, मिशी पांढरी झाली होती, म्हने गडीमानसं कुठं हायेत? आमच्या मानासाठी बायाच पाठवल्या काय? मंग पटलीन गळ्यातला डब्बा सावरत म्हने, भावजी, सारे गडी तुमच्याच गावाले गेले, दंडारी घेऊन, तुमच्या पाया पडाले!

त्यानं मागं वळून आपल्या गड्यांकडे पाह्यलं. मंग एक गुसाडी हासला. देव हाये तो, पन हासला, मुकुट हालाले लागला, पिसं उडाले लागली, मंग दुसरा, मंग पटला स्वतः, पोट धरून, डोळ्याले पानी. अन् हासता हासता त्यानं पाय पुढं केला, सासूनं त्याच्यावर घागर ओतली. ते पानी पाहून मी ढोल बडवला ताई, असा बडवला का उंदरानं कुरतडलेलं ते कातडं फाटलं तवाच थांबली!

पुढची मजा आयका. बोकड होता पन कापाले गडी नाई, मंग पाहुन्यांनीच बाह्या वर केल्या अन् कापला, पाहुन्यांनीच लाकडं फोडली. असा पाहुनचार कुठं पाह्यला का तुमी? अन् डोकं शिजेपर्यंत सासू भांड्यापाशी काठी घेऊन बसली, गावचे सारे कुत्रे तिनं बैलाच्या दाव्यानं बांधून टाकले होते. पटलाच्या ताटात डोकं वाढलं, त्यानं एक घास तोडला अन् पह्यला माह्या सोनीच्या हातावर ठेवला, म्हने ही आमच्या पोरीची पोर. सोनी मामाच्या मांडीवर बसली होती, मामाले कधी पाह्यलं नव्हतं तिनं, त्याची मिशी ओढून राह्यली होती.

मी दादाले म्हनलं, तुमाले कशी बुद्धी झाली रे यायची? तो म्हने बुद्धी कसली, मायनं जीव खाल्ला आमचा! दसऱ्यापासून एकच धरून बसली, दंडारी सावरीगुड्याले न्या नाई तं मी जेवत नाई. घ्या! म्हनजे तिकडे तिनं तेच केलं अन् इकडे मी तेच केलं, अन् दोघींचंबी लोकायनं आयकलं, म्हनून तं हा घोटाळा!

सकाळी पाहुने निघाले तं सासू मले म्हने, उभी काऊन हायेस, लुगडं बदल अन् जाय त्याईच्यासंगं. सोनीले दादाच्या खांद्यावर देल्लं अन् मी डोंगर चढली, पाय भुईले लागत नव्हते. माथ्यावर पोचलो अन् समोरून आमचे येऊन राह्यले! दोनी दंडारी माथ्यावर एकमेकांले भेटल्या, तिथं जो नाच झाला, दोन्हीकडचे ढोल, पेपरे, गवत राह्यलं नाई तिथं. दोन्ही पटले गळ्यात पडले, कोन कोनाले पह्यले आला यावर पुन्हा भांडले, पन हासत हासत.

सोनीच्या बापाले मी इचारलं, तुमाले तिथं शिवेवर कोन घ्याले आलं? तो म्हने कोनीच नाई. बाया भेल्या, दारं लावून बसल्या. आमी लय वेळ उभे होतो, पटला म्हनाले लागला चला माघारी, तेवढ्यात गावातून कोनी तरी घागर बडवाले लागलं. एकच घागर, पन पाहुन्यांचीच चाल. थांबे, पुन्हा वाजे. आमी म्हनलं ढोल नाई तं घागर सही, बोलावनं तं हाये, अन् गेलो आत. तं तुही माय, दारात बसली होती, उठता येत नाई, पालथी घागर मांडीत घेऊन दोन्ही हातांनी.

मी उतरली डोंगर. पळतच उतरली. माय दारातच होती, हात सुजलेले, हळद लावून बसली होती. मले पाह्यलं अन् काय म्हनावं तिनं? म्हने, इतकं मोठं टेंगूळ हाये का हा डोंगर, एवढा उशीर केला? अन् मंग आमी दोघी जे रडलो ते नाई सांगत मी, ते नका लिहू.

त्याच्यानंतर माय लय दिवस नाई जगली, पन जगली तोपर्यंत मी जात होती, दिवसाउजेडी, समोरच्या वाटेनं, मिठाचं नाव न सांगता. शेवटाले तिथंच राह्यली, तिले न्हाऊ घातलं, पेज भरवली, माह्याच मांडीवर गेली ती. मले दुःख झालं, पन जळजळ नाई राह्यली ताई, असं मरन पाह्याले मिळालं तं लेकीनं आनखी काय मागावं? सासूबी गेली. लच्छूदादा आता किंगरी वाजवतो, घराण्याची कथा सांगतो, अन् मी त्याले म्हनलं राजे-देवांच्या मागं आमच्या बायांची ही गोष्टबी लावून दे. पह्यले नाई म्हने, असं चालत नाई म्हने. मंग मी त्याच्यापुढची भाकर उचलून घेतली. आता सांगतो, मायच्या नावासकट. आता एका दिवाळीले ते येतात, एका दिवाळीले आमी जातो, अन् निघायच्या आधी फोन करून इचारतात, घरी हायेत ना रे सारे?

सोनी मी बेलगुड्यालेच देल्ली, दादाच्या पोराले, आमच्यात मामाच्या घरी पोरगी देनं चांगलं मानतात. ती अंगनवाडीत शिकवते. डोंगर चढत नाई ती, खालून डांबरी रस्ता झाला, स्कुटीवर लेकराले पुढं उभं करून येते, चहा पिते अन् भाजी घेऊन परतबी जाते. परवा मले म्हने, माय, एवढ्याशा रस्त्यासाठी तू अन् आजी बजारात बसून रडत होत्या का? मी म्हनलं हो बाई, एवढ्याशाच. ती हासाले लागली, तिले काई पटलं नाई. मी तिच्या लेकराच्या तोंडावरून हात फिरवला अन् तिले म्हनलं, हास माय, देव करो अन् हे तुले कधी समजू नये.